दळण कुठल्या गिरणीतलं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



तुमच्याकडे अँड्रॉइडचा फोन असेल, तर माझं बोलणं संपल्यावर एक गंमत करून पाहा. सेटिंग्जमध्ये शिरा, अगदी तळाशी फोनविषयीची माहिती असते ती उघडा आणि ‘कर्नल व्हर्जन’ असं लिहिलेली ओळ शोधा. काही फोन तिथे नुसता आकडा दाखवून थांबतात. काही फोन मात्र पुढे ‘क्लँग’ असा एक शब्द आणि त्याचाही एक आकडा दाखवतात. आज मला बोलायचंय ते या दुसऱ्या शब्दाबद्दल.

आधी पहिला शब्द. हा कर्नल सैन्यातला नव्हे. बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो, तो हा कर्नल. संगणक असो की फोन, त्याच्या कार्यप्रणालीचा हा गाभा असतो. मेमरी कोणाला किती द्यायची, फाइल कुठे ठेवायची, बोट पडद्यावर टेकलं की कोणाला उठवायचं, हे सगळं तो पाहतो. तो दिसत नाही आणि दिसूही नये. अँड्रॉइडच्या पोटात जो कर्नल आहे तो लिनक्सचा. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातले सगळेच्या सगळे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. घरात इंटरनेट आणून देणाऱ्या त्या छोट्या डबीतही बहुधा तोच असतो.

हा कर्नल माणसं लिहितात ती बहुतांश ‘सी’ नावाच्या भाषेत. आज त्याच्या तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. प्रोसेसरला त्यातलं अक्षर कळत नाही. त्याला लागते शून्य आणि एकाची यंत्रभाषा. एकाचं दुसरं करून देणारा जो प्रोग्रॅम, तो कम्पायलर. मी त्याला गिरणी म्हणतो. धान्य आपलं, पीठ तिचं.

लहानपणी मला दळण घेऊन पाठवताना आई एक वाक्य न चुकता सांगायची, ‘गव्हावर टाका म्हणावं, बाजरीवर नको.’ एकदा मी ते सांगायला विसरलो. डबा माझा, गहू आमचे, वजनही बरोबर. पण पोळ्या दोन दिवस करड्या झाल्या. पीठ कुठल्या जात्यातून आलं आणि त्या जात्यात आधी काय होतं, हे डब्याकडे बघून कळत नाही. कर्नल बांधणाऱ्या माणसाचं नेमकं हेच दुखणं आहे.

कोणी म्हणेल, दोन गिरण्यांच्या पिठात असा काय फरक पडणार? एरवी पडत नाही. पण पडतो तेव्हा काय होतं ते सांगतो. जानेवारी २०२१ मधली गोष्ट. एआरएम जातीच्या प्रोसेसरवर लिनक्स आणण्यात ज्यांची हयात गेली, त्या रसेल किंग यांना आपल्या ६४ बिटांच्या एआरएम यंत्रांवर एक विचित्र प्रकार दिसत होता. डिस्कवर फाइलींच्या ज्या नोंदी असतात, त्यांच्या पडताळणीची बेरीज मधूनच चुकायची. रोज नाही, कधीतरी. अशा वेळी संशय आधी डिस्कवर जातो, मग मेमरीवर, मग फाइली सांभाळणाऱ्या आज्ञावलीवर. शेवटी दोष निघाला तो कम्पायलरचा. जीसीसी नावाच्या प्रसिद्ध कम्पायलरच्या ४.९ पासून ५.१ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तो होता.

काय होत होतं? एसटीत तुम्ही जागेवरून उठलात, जागा सोडली, दोन पावलं गेलात आणि मग आठवलं की पिशवी सीटवरच राहिली. मागे वळून उचललीत. त्या दोन सेकंदांत कोणी बसलं नाही तर काहीच बिघडत नाही. पण नेमकं तेवढ्यात कोणी येऊन बसलं, आणि पिशवीत आपलं सामान कोंबलं तर? तो कम्पायलर काही ठिकाणी असं पीठ दळत होता, की कामापुरती घेतलेली मेमरी आधी परत करायची आणि मग तिच्यातली एक गोष्ट वाचायची. त्या निमिषार्धात बाहेरून काही तातडीचं काम आलं, तर ते त्या मोकळ्या जागेत आपलं लिहून जायचं. मूळ मजकुरात चूक नव्हती. लिहिणाऱ्याने ‘धरावे’च लिहिलं होतं. ‘ध’चा ‘मा’ वाटेत झाला.

त्यानंतर कर्नलने त्या जातीच्या यंत्रांसाठी दारच लावून टाकलं. एवढा जुना कम्पायलर दिला की बांधणी तिथेच थांबते. पुढे २०२१ मध्येच ५.१ ही किमान आवृत्ती सगळ्यांसाठी झाली, आणि २०२५ मध्ये ती ८.१ वर नेली गेली.

म्हणजे कम्पायलर निवडणं ही आवडीनिवडीची गोष्ट नाही. पण बरीच वर्षं तो निवडावा लागतच नव्हता. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं, तेव्हा हाताशी होता तो जीसीसी, आवृत्ती १.४०. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला होता. त्याच्या अंगच्या खुब्या कर्नलने इतक्या उचलल्या, की कर्नल सी भाषेत लिहिलाय असं म्हणण्यापेक्षा जीसीसीच्या बोलीत लिहिलाय असं म्हणणं खरं झालं. बांधणीच्या सूचनांची एक फाइल असते, तिला मेकफाइल म्हणतात. तिच्यात सरळ लिहून ठेवलेलं होतं: कम्पायलर, जीसीसी. गावात गिरणी एकच. मग विचारायचं काय?

पहिली ठिणगी पडली २००० साली. रेड हॅटने आपल्या ७.० या संचात जीसीसीची २.९६ अशी आवृत्ती दिली. जीसीसीच्या कर्त्यांनी जाहीर केलं, की ही आमची अधिकृत आवृत्ती नव्हे. आणि गंमत अशी, की त्याच संचात ‘केजीसीसी’ नावाचा आणखी एक, जुन्या वळणाचा कम्पायलर होता, खास कर्नलपुरता. उपासाची भाजणी वेगळ्या जात्यावर दळावी तसं. मी तेव्हा नुकता शिकत होतो. मेकफाइल उघडायची, ‘जीसीसी’च्या आधी ‘के’ हे एक अक्षर घालायचं आणि वीज जायच्या आत बांधणी पुरी होऊ दे म्हणून देवाला हात जोडायचे, एवढंच मला कम्पायलर निवडणं म्हणून ठाऊक होतं. पुढे कर्नलच्या २.२ मालिकेत एक छोटी सोय आली. बांधणी सुरू करताना तो स्वतःच घरात हाका मारायचा: केजीसीसी आहे का? नाही? मग तो जुना २.७.२ आहे का? तोही नाही? मग जो असेल तो या. निवड सोपी करण्याचा मला माहीत असलेला हा सगळ्यांत जुना प्रयत्न. मला तो फार आवडायचा. त्यात एक घरगुती शहाणपण होतं.

मग गावात दुसरी मोठी गिरणी आली. तिचं नाव एलएलव्हीएम. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २००० साली तिची पायाभरणी झाली. क्रिस लॅटनर हे विद्यार्थी आणि विक्रम आडवे हे त्यांचे मार्गदर्शक. हे आडवे आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले. पवईचा आणि कम्पायलरचा संबंध तसा जुनाच आहे. धनंजय ढमढेरे यांचं पुस्तक घेऊन ज्यांनी सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगची परीक्षा दिली, असे अनेकजण आज हे ऐकत असतील. असो. एलएलव्हीएमच्या अंगणात २००७ साली सी भाषेसाठी ‘क्लँग’ हा कम्पायलर जगासमोर आला. सुरुवातीला मी सांगितलेला तो फोनमधला शब्द हाच.

क्लँगला लिनक्सचा कर्नल दळता यावा म्हणून दोन्ही बाजूंनी बरीच वर्षं खटपट चालली होती. काही ठिकाणी कर्नलने आपल्या जुन्या सवयी सोडल्या, काही ठिकाणी क्लँगने जीसीसीची बोली शिकून घेतली. २०१७ साली आलेल्या गुगलच्या पिक्सेल २ फोनातला कर्नल क्लँगने बांधलेला होता. पण नेहमीच्या इंटेल जातीच्या संगणकांसाठी २०१८ मध्ये कर्नलने जीसीसीची एक खास सोय सक्तीची केली आणि क्लँग पुन्हा दाराबाहेर राहिला. ती सोय क्लँगच्या ९ व्या आवृत्तीत, सप्टेंबर २०१९ मध्ये आली. तेव्हापासून दोन्ही गिरण्या सुरू आहेत. ही भांडणाची गोष्ट नाही हं. एका कम्पायलरला न दिसलेली चूक दुसरा दाखवतो, असं अनेकदा होतं. दोन गिरण्या असणं कर्नलच्या हिताचंच आहे.

पण गिऱ्हाइकाची पंचाईत झाली.

कारण कम्पायलर म्हणजे एकटा कम्पायलर नसतो. दळल्यावर चाळायचं, मळायचं, पेट्या भरायच्या. तुकडे जोडणारा लिंकर वेगळा, तुकड्यांची मोळी बांधणारा वेगळा, नावांची यादी काढणारा वेगळा, अनावश्यक भाग खरवडून काढणारा वेगळा. शिवाय तुम्ही बांधता एका यंत्रावर आणि चालवायचं असतं दुसऱ्यावर, त्यामुळे बांधणीच्या यंत्राची अवजारं पुन्हा निराळी. क्लँगकडे जायचं तर कर्नलला ही सगळी अवजारं नावानिशी सांगावी लागत. मी मोजली आहेत. एकूण १२ नावं एका ओळीत. त्यातलं एक विसरलं तर कर्नल रागावत नसे. त्या एका जागी गुपचूप जुनं अवजार वापरून मोकळा होई. आणि अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असं जे तयार होई, ते चाले तरी किंवा न चाले तरी. ‘का’ ते सांगणं कठीण.

२०२० साली, कर्नलच्या बांधणीची यंत्रणा तेव्हा सांभाळणारे जपानचे मासाहिरो यामादा यांनी यावर तोड काढली. मेकच्या आज्ञेत एकच शब्द लिहायचा: एलएलव्हीएम बरोबर एक. बस्स. बाराही अवजारं त्या घराण्यातली घेतली जातात. २०२१ मध्ये आणखी एक ओझं उतरलं. जीसीसीला दर जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळं जातं लागतं, आणि ते कुठलं हे त्याच्या लांबलचक नावाने सांगावं लागतं. क्लँग एकच जातं घेऊन सगळी धान्यं दळतो. तेव्हा तुम्ही प्रोसेसरची जात सांगितली की पुरे, जात्याचं नाव पुन्हा कशाला, असं ठरलं. २०२२ मध्ये ‘एक’च्या जागी आवृत्ती लिहायची मुभा मिळाली. उणे १४ लिहिलं की १४ व्या आवृत्तीची अख्खी पेटी. अवजारं एखाद्या आडबाजूच्या फोल्डरात असतील, तर त्याचा पत्ता लिहायचा.

या सुधारणांच्या बातम्या होत नाहीत. ज्यांनी त्या बारा नावांची ओळ वर्षानुवर्षं चिठ्ठीवरून उतरवून काढली, त्यांनाच त्यांचं मोल.

इथे एक खोच सांगून ठेवतो, कारण तिने बऱ्याच जणांना फसवलंय. ‘रामाने आंबा खाल्ला’ काय आणि ‘आंबा रामाने खाल्ला’ काय, मराठीत आंबा संपतोच. मेकच्या आज्ञेत तसं नाही. आधी मेक आणि मग ‘सीसी बरोबर क्लँग’ असं लिहिलंत तर कर्नल ऐकतो. तेच शब्द उलटे, म्हणजे मेकच्या आधी लिहिलेत, तर मेकफाइलमधला जीसीसी त्यांच्या डोक्यावर बसतो. चुकीचा संदेशही येत नाही. नवा जो एलएलव्हीएमचा शब्द आहे, तो मात्र मागे लिहा की पुढे, चालतो. हाही त्याचा एक मोठा गुण.

आता माझी स्वतःची फजिती. आधी एवढं लक्षात घ्या, की कर्नल बांधण्यापूर्वी तो ‘बेतावा’ लागतो. हे हवं का, ते नको का, असे हजारो पर्याय असतात, आणि तुमची उत्तरं एका फाइलीत साठतात. पूर्वी ही प्रश्नावली आणि कम्पायलर यांचा संबंध नव्हता. २०१८ पासून प्रश्नावलीच आधी कम्पायलरला विचारते, बाबा, तुला हे जमतं का? त्याला जमत असेल तरच तो पर्याय तुमच्यापुढे येतो. पद्धत उत्तम आहे. पण त्यामुळे कम्पायलर दोनदा सांगावा लागतो, बेतताना आणि बांधताना, आणि दोन्ही वेळा तोच.

दूध संकलन केंद्रावर फॅट मोजून नोंद पाठवणारी एक पेटी आम्ही तयार करत होतो. शेतकऱ्याच्या हाती किती पैसे पडणार ते त्या आकड्यावर ठरतं. पेटी इंटरनेटला जोडलेली. तेव्हा बाहेरून कोणी आत शिरून प्रोग्रॅमला भलत्याच वाटेने पळवू नये, म्हणून कर्नलमध्ये एक पहारा घालायचा होता. प्रोग्रॅम दर उडीला ठरलेल्या दारातूनच जातोय ना, हे तो पहारा बघतो. आम्ही बांधत होतो त्या कर्नलमध्ये ही सोय फक्त क्लँगने बांधलं तरच मिळत होती. मी क्लँग घेऊन कर्नल बेतला, पहाऱ्याचा पर्याय चालू केला, स्वतःच्या डोळ्यांनी फाइलीत पाहिला.

बांधणीचं काम एका स्क्रिप्टकडे होतं, तीही माझीच. तिच्या पहिल्या ओळीत एलएलव्हीएमचा शब्द होता. काही दिवसांनी मी शेवटी दोन ओळी वाढवल्या: नवे प्रश्न आले तर विचारत बसू नकोस, नेहमीचं उत्तर धर, आणि मग बांध. या दोन ओळींत तो शब्द लिहायचा राहिला. पुढचं सगळं शिस्तीत झालं. कर्नलने पाहिलं, कम्पायलर जीसीसी आहे. जीसीसीकडे पहारा नाही. मग तो पर्याय लागू नाही. त्याने फाइलीतून ती ओळ काढून टाकली आणि बांधणी निर्विघ्न पार पाडली.

पेटी चालू झाली. दूध मोजलं, फॅट अचूक आली, नोंदी पोचल्या. आमच्या सगळ्या चाचण्या पेटी काय करते हे पाहणाऱ्या होत्या; ती काय करू देते हे कोणी पाहत नव्हतं. पेट्या रवाना व्हायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडची एक नवी मुलगी कागद भरत होती. कोणत्या आवृत्तीचा कर्नल, असा एक रकाना होता. तो भरायला तिने पेटीला विचारलं. लिनक्सवर ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरात ‘व्हर्जन’ अशी फाइल असते, तिच्यात कर्नलचा आकडा असतो आणि तो कशाने बांधला तेही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘सर, तुम्ही क्लँग म्हणाला होतात ना? इथे जीसीसी लिहिलंय.’

मी आधी म्हणालो, तू दुसऱ्याच पेटीत पाहिलं असशील. मग दुसरी उघडली, तिसरी उघडली. आठ वाजता कारखान्यात फोन करून गाडी थांबवली. त्या रात्री सगळ्या पेट्या पुन्हा भरल्या. गाडी एक दिवस उशिरा गेली आणि उशीर का झाला ते मालकांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. ‘म्हणजे पेटी बिघडली होती का?’ असं ते पुन्हापुन्हा विचारत होते. नव्हती, आणि तीच तर अडचण होती.

त्या स्क्रिप्टमध्ये मी आता तो शब्द एकदाच, सर्वांत वर लिहितो, खालच्या सगळ्या ओळींसाठी. तो वरून खाली झिरपतो, हे नव्या पद्धतीचं आणखी एक सुख. बांधून झाल्यावर स्क्रिप्ट स्वतःच फाइल उघडून पाहते, की पहाऱ्याची ओळ अजून जागेवर आहे ना. नसेल तर ओरडते. आणि पेट्यांच्या कागदावर आवृत्तीच्या रकान्याशेजारी त्या मुलीने एक नवा रकाना आखला आहे. त्याच्या डोक्यावर तिने, माझी दळणाची गोष्ट ऐकून, पेन्सिलीने ‘गिरणी’ असं लिहिलंय. छापायला देताना तो शब्द बदलायचा राहून गेला, आणि आता तसाच छापून येतो.